नंदा, तो लॅपटॉप तू टाकला नाहीस

नंदा,

तुझ्याशी भांडण अर्धं राहिलं आहे, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या घरी पांढऱ्या साड्या नेसून बाया आल्या होत्या. बुद्धवंदना झाली, आणि मग एकेक जण तुझ्याबद्दल बोलली. नंदा किती शांत होती, किती सोशिक. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि माझी मूठ आवळत होती. शांत? माझ्या दुकानातल्या टेबलाच्या काचेला तडा गेला आहे तो तुझ्या हातानं. तहसीलच्या बाबूनं तिसऱ्यांदा कागद परत पाठवला तेव्हा तू हात आपटलास आणि म्हणालीस, "याले आता मीच जाऊन वाचून दाखवतो, नाई तं याच्या तोंडात कोंबतो." आणि गेलीसही. त्या बायांना तू माहीतच नव्हतीस. तू जगलीस भांडत आणि मेलीस ओरडत. तुला शांत म्हणू देणार नाही मी कोणाला.

तात्यापाऱ्यातलं आमचं टायपिंगचं दुकान, माझ्या बाबांच्या वेळचं. दोन टेबलं. एक माझं, एक तुझं. तुझ्यासमोर आपली माणसं बसायची, ज्यांचे आजे-पणजे कधीतरी विदर्भातून इकडे आले. हातात आज्याच्या शाळेचा दाखला, नाहीतर शेतीचा जुना कागद, भंडाऱ्याकडचा, गोंदियाकडचा. मराठीतला. नातवाला जातीचं प्रमाणपत्र पाहिजे आणि इथल्या कचेरीत मराठी कोण वाचणार? तू त्याचं हिंदी करून द्यायचीस. अक्षर पुसट असलं की कागद उजेडाला धरायचीस, डोळे बारीक करायचीस आणि समोरच्या पोराला रागवायचीस, "आज्याचं नाव बी पुरं माहीत नाही का रे तुले?" तो हिंदीत उत्तर द्यायचा. तू मराठीतच रागवत राहायचीस.

आणि हे सगळं तुझ्या त्या लॅपटॉपवर. तुझ्या लेकीच्या, चिनूच्या जन्माच्या आसपास घेतलेला तो, म्हणजे आता ती सहावीत आहे तेवढा जुना. आपलं पहिलं भांडण त्यावरून झालं ते फार साधं होतं. त्याचे अपडेट येणं बंद झालं होतं, पडद्यावर तसं लिहूनच यायचं. मी म्हटलं, यावर बँकेचं काम करू नको, कोणीही आत शिरेल. तू ते लगेच ऐकलंस. बँक फोनवर नेलीस, लोकांच्या आधारकार्डाच्या प्रती काम झालं की पुसून टाकायला लागलीस. "टायपिंगपुरता तं चालते न वं?" म्हणालीस. टायपिंगपुरता चालत होता. तेव्हा मीही हो म्हटलं.

मग राजेश आला.

पावसाळा सरत आला होता. तू त्याचं घर सोडून चिनूला घेऊन गुढियारीला आईकडे राहायला आली होतीस, त्याला वर्ष होत आलं होतं. दुपारची वेळ, एक म्हातारे गृहस्थ नातवाचे कागद घेऊन तुझ्यासमोर बसलेले. तुझा नवरा दारातून आत आला आणि त्याच्या हातात लोखंडी रॉड आहे हे मला कळेपर्यंत त्यानं तो उचललाही होता. त्याच्या दारूचा वास आधी आला. तुला मागे सरकायला जागा नव्हती. तू समोरचा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचललास आणि डोक्यावर आडवा धरलास.

तो आवाज मी विसरणार नाही. हाडाचा आवाज नव्हता, पण मला वाटलं हाडच गेलं. रॉड लॅपटॉपच्या मागच्या कोपऱ्यावर बसला, घसरला आणि तुझ्या कानाची पाळी फाडून खांद्यावर आला. दुसरा वार त्यानं खांद्यावरच केला. तेव्हा मात्र हाडाचाच आवाज झाला. माझ्या हाताला कागदांना भोकं पाडायचं यंत्र लागलं, बिडाचं, जुनं. मी ते सगळ्या जोरानं त्याच्या तोंडावर फेकलं. त्याची भुवई फुटली. तो वळला माझ्याकडे, आणि तेवढ्यात शेजारचे दुकानदार आत घुसले. त्यांनी त्याला रस्त्यावर ओढलं आणि इतका मारला की पोलिसांना त्याला आधी दवाखान्यात न्यावं लागलं. मी आडवी गेले नाही. आजही जाणार नाही.

म्हातारे गृहस्थ भिंतीला चिकटून उभे होते. त्यांच्या बापाच्या दाखल्यावर तुझं रक्त पडलं होतं. तू खाली बसून, एका हातानं कान दाबून त्यांना म्हणालीस, "काका, याचा फोटो आहे माह्याकडे. घाबरू नका."

हात झोळीत बांधून तू दुकानात परत आलीस त्या दिवशी पहिलं काम केलंस ते लॅपटॉपचं बटन दाबण्याचं. कोपरा आत दबलेला, प्लास्टिक तडकलेलं, आणि तो सुरू झाला. तू हसलीस. किती दिवसांनी हसलीस ते मी मोजलं नव्हतं, पण मला रडू आलं एवढं आठवतं. चिनूनं त्या दबलेल्या कोपऱ्यावर बँडेजची पट्टी चिकटवली.

थंडीत तो डुलायला लागला. तू टाईप करायचीस आणि तो टेबलावर डगडग हलायचा.

"नंदे, हा डुलून राहिला, पाह्य बरं."

"टेबल वाकडा आहे तुहा."

"टेबल माह्या बाबाचा आहे, वाकडा नाही. याचं पोट फुगलं आहे."

मी तो उलटा केला. खालचं झाकण मधोमध वर आलेलं, जिथे बोटं फिरवतो ती पट्टी एका बाजूनं उचललेली. झाकण मिटलं तरी फट राहत होती. आणि वास, नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा, गोडसर. फुगवटा नेमका त्याच बाजूला, जिथे रॉड बसला होता.

दुरुस्तीवाल्याकडे आपण दोघी गेलो. त्यानं खालचे स्क्रू काढले आणि झाकण आपोआपच वर आलं, आतून कोणी ढकलल्यासारखं. बॅटरी उशीसारखी झाली होती. तो म्हणाला, "दीदी, आज तक चल गया, कल का मैं नहीं बोल सकता." या मॉडेलची कंपनीची बॅटरी आता येत नव्हती. दुसऱ्या बनावटीची मिळाली असती, पण तिची खात्री तो द्यायला तयार नव्हता. शेवटी त्यानं बॅटरी काढून टाकली आणि सांगितलं, थेट प्लग लावून वापरा. ती फुगलेली बॅटरी तू त्याच्याकडे ठेवू दिली नाहीस. "माही वस्तू आहे," म्हणून पिशवीत घातलीस. मला तेव्हाच ती हिसकावून घ्यावीशी वाटली होती, पण तू तशी हिसकावू देणाऱ्यातली नव्हतीस.

काही दिवस ठीक गेले. पण बॅटरी नाही म्हणजे लाईट गेली की लॅपटॉप जागीच मेला. तुमच्या गल्लीत लाईट कधी जाईल याचा नेम नाही. एका कुटुंबाचं काम तू घरी बसून करत होतीस, दुसऱ्या दिवशी मुलीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. लाईट गेली, पानं गेली. पुन्हा टाईप केलंस, पुन्हा गेली. तू स्क्रू ड्रायव्हर घेतलास आणि बॅटरी परत बसवलीस. त्या मुलीचा अर्ज वेळेत गेला.

मला कळलं ते दुकानात लाईट गेल्यावर. माझा पंखा थांबला, झेरॉक्सचं मशीन थांबलं, आणि तुझ्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड तसाच.

मी ओरडले. इतकी की रस्त्यावरची माणसं थांबली. तूही ओरडलीस.

"त्यानं माहं डोस्कं वाचवलं, सरू! तुले समजत नाही. तो नसता तं मी त्याच दिवशी मेली असती. त्याले मी कचऱ्यात फेकू?"

"मशीन आहे ते, नंदा! त्याले काही याद नाही तुही!"

"मले आहे न त्याची."

मग तू लॅपटॉप पिशवीत घातलास आणि म्हणालीस, "तुह्या दुकानात लोकाइचे कागद आहेत. जळतील. मी घरीच करतो काम. चिनूची परीक्षा झाली की नवा घेऊ."

म्हणजे तुला माहीत होतं. दुकानातले कागद जळतील हे तुला कळत होतं. नंदा, घरात काय होतं ते तुला कळत नव्हतं का? मी इथे नेहमी अडकते. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणते, "तिले वाटे, जे व्हायचं ते एकदा होऊन गेलं." असेल. रॉड डोक्यावर पडताना पाहिलेल्या बाईला फुगलेल्या बॅटरीची काय भीती वाटणार? पण मला वाटत होती. माझी भीती थोडी घ्यायची होतीस.

मे महिन्यातली दुपार. कूलर चालू, दिवाणावर चिनू झोपलेली, तिच्या पायाशी गादीवर लॅपटॉप चार्जिंगला लावलेला. तू स्वयंपाकघरात होतीस. आईनं आणि चिनूनं मला सांगितलं तेच मी तुला सांगते आहे, कारण तुला सलग आठवत नव्हतं. आधी फुस्स आवाज आला, कुकरची शिटी दबल्यासारखा. पांढरा धूर. आई ओरडली. तू धावत आलीस. तोवर फटाक्यांची लड लागल्यासारखा तो तडतडत होता, आणि चादर पेटली होती. तू चिनूला केसांना धरून खाली ओढलंस, खरंच केसांना धरून, आणि लॅपटॉप चादरीत गुंडाळून उचललास. दाराची कडी लावलेली. एका हातानं तू कडी काढत होतीस आणि दुसऱ्या हातानं तो छातीशी धरला होतास, तेव्हा तो फुटला.

तुझ्या अंगात नायलॉनची मॅक्सी होती. ती जळली नाही, वितळली.

शेजारच्यांनी तुला गोधडीत लपेटलं, पाणी ओतलं. चिनूची एक वेणी अर्धी जळाली. बाकी तिला काहीही झालं नाही. काहीही नाही, नंदा. हे मी तुला वॉर्डात पुन्हा पुन्हा सांगत होते आणि तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस.

त्या वॉर्डाबद्दल मी लिहिणार नाही. फक्त दुसऱ्या दिवसाबद्दल. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि छातीचं सांगितलं, श्वासाचं सांगितलं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी परत आले तर तुझे मामा तुझ्या कानाशी वाकलेले होते. जळालेली बाई, लग्न झालेली, नवऱ्यावर केस चालू, नवरा जामिनावर बाहेर. नायब तहसीलदार तुझा जबाब घ्यायला निघाले होते. मामा म्हणत होते, "नाव घे त्याचं. मरत्या माणसाचं कोर्ट मानते. सडू दे आत." आई पदर तोंडात कोंबून मान हलवत होती, हो, हो.

मीही वाकले. मी म्हटलं, "नाव घे नंदा. रॉड त्याचाच होता. यात खोटं काय आहे?"

मग साहेब आले आणि त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. दार उघडलं तेव्हा मी त्या साहेबांचा चेहरा पाहिला. घाम पुसत होते. मी धावत आत आले.

"घेतलं नाव?"

तू डोळ्यांनी नाही म्हणालीस. मग आवाज जमवलास. "सगळं सांगितलं. रॉडचं बी सांगितलं. बॅटरी मीच लावली, ते बी."

"काहून?"

"तो नव्हता न तवा घरी."

"म्हणून काय झालं! तुले मारून राहिला होता इतके वर्ष, तवा कोण होतं घरी?" मी ओरडत होते, जळालेल्या माणसावर, नर्स मला बाहेर ओढत होती.

"चिनूनं पाह्यलं, सरू," तू म्हणालीस. "काय झालं ते तिले माहीत आहे. मी खोटं बोलली तं तिलेही बोला लागन. कोर्टात. दहा वेळा."

मी बाहेर गेले. पायऱ्यांवर बसले. मला तुझा राग आला होता, इतका की मी तिथल्या कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली आणि पायाचं नख फुटलं. तुला काय उत्तर द्यायचं ते जुळवत बसले होते. परत गेले तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती. उत्तर राहिलं.

ते उत्तर असं होतं: पोरीला खोटं बोलायला शिकवलं असतं आपण. मी शिकवलं असतं. ती खोटं बोलली असती आणि त्या माणसापासून सुटली असती. आता तो मोकळा आहे, आणि तूच नाहीस. हे मी अजूनही म्हणते. तू गेलीस म्हणून मी माझी बाजू सोडलेली नाही.

पण एक सांगते. तुझ्यानंतर महिला पोलीस चिनूशी बोलायला आली. मी शेजारी बसले होते. चिनूला कोणी काही पढवलं नव्हतं. ती म्हणाली, "लैपटॉप फटा. मम्मी उसको बाहर फेंकने जा रही थी. मुझे पहले नीचे खींचा." आणि तिनं आपली जळालेली वेणी पुढे करून दाखवली. पोलीसबाईनं पुन्हा उलटून विचारलं, पापा आले होते का? चिनू म्हणाली, "नहीं. पापा पहले आते थे, मारने." तिचा आवाज हलला नाही. तिला काही लक्षात ठेवावं लागत नव्हतं. तेव्हा मी थोडी हरले, नंदा. थोडीच.

आता दुकानात माझा लॅपटॉपही मी काचेवर ठेवून पाहिला. डुलतो का, झाकण नीट मिटतं का, हाताला तापतो का. माझा ठीक आहे. पण गिऱ्हाइकं येतात, फोन चार्जिंगला लावा म्हणतात, आणि फोनची पाठ फुगलेली असते. मी त्यांच्यावर खेकसते. एका प्राध्यापकांचा लॅपटॉप मी काउंटरवरून उचलून बाहेर पायरीवर नेऊन ठेवला. त्यांना अपमान वाटला. ते म्हणाले, अजून छान चालतो. मी म्हटलं, चालतो तोवर छानच चालतो. ते गेले. परत येणार नाहीत बहुतेक. येऊ नयेत.

राजेश पुण्यानुमोदनाला आला, बाया तुझ्याबद्दल बोलल्या त्याच दिवशी. भावाला घेऊन, पांढरा शर्ट घालून. हात जोडले त्यानं तुझ्या फोटोला. मामा उठले तर त्याचा भाऊ मध्ये उभा राहिला. मग राजेश मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माही पोट्टी आहे. बाप जिवंत आहे तिचा. मी घेऊन जातो." आणि त्यानं चिनूचं मनगट धरलं.

मी पंगतीत वाढत होते, तशीच वळले. माझ्या हातात वाढायचा पितळी डाव होता आणि मी तो त्याच्या डोक्यात घालणार होते, बघ, लोकांसमोर, भंतेजींसमोर. मला पोचायला उशीर झाला. चिनूनं त्याच्या हाताला दात लावले होते.

नुसतं चावली नाही ती. तिनं धरून ठेवलं. तो ओरडला, हात झटकला, तिला दुसऱ्या हातानं कानाखाली मारलं, तरी तिनं सोडलं नाही. त्याचा भाऊ तिला ओढत होता, आणि तुमच्या गल्लीतल्या त्याच बाया, तुला शांत म्हणणाऱ्या, त्या भावावर तुटून पडल्या. एकीनं त्याचा शर्ट फाडला. तुझी आई, जिला धड दिसत नाही, काठी घेऊन जिथे आवाज येईल तिथे मारत होती. मामांनाही दोन बसल्या. शेवटी राजेशचा हात सुटला तेव्हा अंगठ्याजवळून मांस लोंबत होतं. तो रुमाल गुंडाळत पळाला, शब्दशः पळाला, एक चप्पल दारातच टाकून.

वकीलबाई म्हणाल्या आहेत की ताब्यासाठी तो अर्ज करेल, आणि आपण लढू. म्हणाल्या, तुझा जबाब आपल्या कामी येईल. मरताना तू त्याच्यावर नसलेला आरोप घातला नाहीस, म्हणून रॉडबद्दल जे बोललीस ते कोणी खोटं म्हणू शकणार नाही. त्या हे सांगत होत्या आणि मी खाली मान घालून ऐकत होते. तुला हे आधीच सुचलं होतं का ते मला माहीत नाही. वेदनेत एवढं कोणाला सुचतं? पण तू तू होतीस.

तोवर चिनू आणि आजी माझ्याकडे तात्यापाऱ्यात आहेत, दुकानाच्या वरच्या खोलीत.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी चिनूला नळाखाली नेलं. तिच्या हनुवटीवर, फ्रॉकच्या गळ्यावर त्याचं रक्त होतं. ती चुळा भरत होती, थुंकत होती, पुन्हा भरत होती. पाणी लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ आलं. तिनं तोंड उघडून माझ्याकडे वर पाहिलं आणि विचारलं, "मौसी, दाँत हिल रहा है क्या?"

मी बोट घालून एकेक दात पाहिला. सगळे घट्ट होते.